थांबायला किती जागा लागते?

नववीच्या वर्गात फळ्यावर गतीचं एखादं उदाहरण लिहून झालं, की खडू खाली ठेवण्याआधीच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, सूत्र कोणतं लावायचं?" या प्रश्नाचं उत्तर मी कधीच लगेच देत नाही. उलट विचारतो, "तुला गाडी दिसतेय का?" मुलं एकमेकांकडे बघतात. फळ्यावर गाडी नसते, नुसती दोन वाक्यं असतात. पण ती दोन वाक्यं वाचून डोळ्यांपुढे गाडी उभी राहिली नाही, तिचा ब्रेक कुठे लागला आणि ती कुठे जाऊन थांबली हे दिसलं नाही, तर सूत्र बरोबर निवडूनही हाती फारसं काही लागत नाही. हे सबंध पुस्तक म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाला दिलेलं सविस्तर उत्तर आहे.

पुस्तक मुख्यतः नववी ते अकरावीच्या, मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्या राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'गतीचे नियम' हा आहे. जूनमध्ये शाळा सुरू होते, नव्या वह्यांना कव्हरं घालून होतात आणि त्याच आठवड्यात विज्ञानाच्या तासाला गणित येऊन उभं राहतं. तोवर विज्ञान म्हणजे आकृत्या, व्याख्या आणि 'शास्त्रीय कारणे द्या' अशी मुलांची समजूत असते. इथे विज्ञान त्यांना एक आकडा मागतं. तो आकडा काढता आला नाही, की 'मला फिजिक्स जमत नाही' हे वाक्य मनात रुजतं आणि पुढे बारावीपर्यंत उपटून निघत नाही. म्हणून या पहिल्या धड्याकडे मी फार काळजीने बघतो.

गतीच्या उदाहरणांमध्येही या पुस्तकाने मंदनाला, म्हणजे वेग कमी होण्याला, अर्ध्याहून जास्त पानं दिली आहेत. वेग वाढण्याची उदाहरणं बहुतेकांना सुटतात. गाडी सुटली, वेग वाढला, अंतर वाढलं. सगळं एकाच बाजूला वाढत जातं, त्यामुळे न समजताही उत्तर बरोबर येऊ शकतं. वेग कमी होऊ लागला की मात्र समजलं आहे की नाही ते उघड होतं. वेग घटतो, पण अंतर वाढतच राहतं. गाडी पुढे जाते, पण त्वरणाची दिशा मागे असते. शेवटी गाडी थांबते, आणि थांबल्यावर काय होतं हे सूत्राला ठाऊक नसतं. जो मंदनाची दहा उदाहरणं समजून सोडवतो, त्याला गती समजली असं मी मानतो.

या प्रस्तावनेत मी एकच उदाहरण घेऊन बसणार आहे. ते असं : ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला ब्रेक लावले आणि तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका एकसारखा कमी होत गेला. मोटार किती वेळात थांबेल? थांबेपर्यंत किती अंतर जाईल?

आधी एककं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ७२,००० मीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. 'पाच भागिले अठराने गुणायचं' हे मुलं पाठ करतात. तो अपूर्णांक १००० भागिले ३६०० यातूनच आलेला आहे, एवढं एकदा कागदावर करून पाहिलं की पाठ करावं लागत नाही. सेकंदाला २० मीटर म्हणजे किती, हेही डोळ्यांपुढे आणावं. 'एक' म्हणून 'दोन' म्हणेपर्यंत शाळेचे दोन मोठे वर्ग मागे पडतात.

आता शब्द. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात आकडे जसे उघड दिलेले असतात, तसे काही शब्दांत लपवूनही दिलेले असतात. 'थांबेल' या शब्दात अंतिम वेग शून्य असल्याचं सांगितलेलं आहे. 'एकसारखा' या शब्दाने गतीची समीकरणं वापरायची परवानगी दिली आहे; तो शब्द नसता तर त्यातलं एकही समीकरण लावता आलं नसतं. 'गच्चीवरून दगड सोडला' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, 'गच्चीवरून दगड फेकला' म्हणजे शून्य नाही. पण वर जाणाऱ्या फुग्यातून सोडलेल्या दगडाला फुग्याचा वेग मिळालेला असतो, म्हणून तो आधी थोडा वर जातो आणि मग खाली येतो. 'चेंडू सर्वांत उंच जागी पोचला' या शब्दांत त्या क्षणी वेग शून्य असल्याचं कळतं. त्वरण मात्र तिथेही शून्य नसतं, नाहीतर चेंडू वरच अधांतरी राहिला असता. मराठीचा तास आणि विज्ञानाचा तास वेगळे असले, तरी वाक्य नीट वाचण्याची सवय दोन्हीकडे सारखीच लागते. किंबहुना अनेक मुलांची गणितं चुकतात ती आकडेमोडीत नव्हे, वाचण्यात.

मग आपली मोटार बघू. ब्रेक लागला तेव्हा वेग २०. एका सेकंदानंतर १५, मग १०, मग ५, मग शून्य. चार सेकंद. यासाठी सूत्र लागलं नाही, बोटं पुरली. आता प्रत्येक सेकंदात मोटार किती पुढे गेली ते पाहू. पहिल्या सेकंदात वेग २० वरून १५ वर आला, म्हणजे सरासरी साडेसतरा. तेव्हा साडेसतरा मीटर. दुसऱ्यात साडेबारा, तिसऱ्यात साडेसात, चौथ्यात अडीच. बेरीज ४० मीटर. या चार अंतरांना अडीचने भागून पाहा : ७, ५, ३, १. विषम संख्या, उलट्या क्रमाने.

मुलांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा वर्गात काही क्षण कुणी बोलत नाही. आकड्यांत हा क्रम कुठून आला? त्यासाठी मागे, गॅलिलिओपर्यंत जावं लागतं. त्याने लाकडाची बारा हात लांब तुळई घेतली, तिच्यात सरळ खोबण कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावलं, तुळई एका बाजूने किंचित उचलली आणि खोबणीतून काशाची गोळी सोडली. सेकंद अचूक मोजणारं घड्याळ त्याच्याजवळ नव्हतं. पाण्याच्या भांड्यातून बारीक धार सोडून, गोळी उतरेपर्यंत किती पाणी साठलं ते तोलून त्याने वेळ मोजली. हे शंभर वेळा करून पाहिल्याचं तो लिहितो. त्याला सापडलं ते असं, की वेळेच्या समान तुकड्यांत गोळीने कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात असतात. आपली मोटार तोच क्रम उलटा चालते. थांबणाऱ्या गाडीचं चित्रीकरण उलटं लावा, म्हणजे ती विराम अवस्थेतून निघालेली गाडी होते. मंदन हा त्वरणाहून वेगळा विषय नाही, हे याहून सोप्या रीतीने मला सांगता येत नाही.

गॅलिलिओची आणखी एक गोष्ट चुकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. १६०४ मध्ये पाओलो सार्पी या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात, पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं त्याने मांडलं होतं. ते चूक होतं. वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो, अंतराच्या नव्हे, या निष्कर्षावर तो नंतर आला आणि १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या, दोन नव्या शास्त्रांवरच्या त्याच्या ग्रंथात त्या जुन्या चुकीचाही त्याने विचार केला. तेव्हा तो ७४ वर्षांचा होता, नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. मनात घट्ट बसलेली चूक ओळखून ती दुरुस्त करायला गॅलिलिओलाही वेळ लागला. नववीतल्या मुलीला एक आठवडा लागला तर आपण कपाळाला आठ्या घालू नयेत.

तीच चूक आपल्या उदाहरणात करून पाहू. मोटार ४० मीटरमध्ये थांबते. मग २० मीटरवर तिचा वेग किती असेल? बहुतेक मुलं सांगतात, निम्मा, म्हणजे १०. पण वर मोजलेली अंतरं पाहा. वेग १० होतो तो दोन सेकंदांनंतर, आणि तोवर साडेसतरा आणि साडेबारा मिळून ३० मीटर संपलेले असतात. वेळ निम्मी झाली तेव्हा वेग निम्मा झाला, पण वाट तीनचतुर्थांश संपली. बरोबर अर्ध्या वाटेवर मोटार अजून सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने धावत असते. ब्रेकवर पाय ठेवलेल्या माणसाला वाटतं, निम्मं काम झालं. निम्म्या वाटेवर ते निम्मं झालेलं नसतं.

हे सगळं एका आकृतीत मावतं, म्हणून या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाआधी वेग-काळ आलेखासाठी चौकट दिली आहे. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वेग. आपल्या मोटारीची रेघ २० पासून निघून चार सेकंदांवर जमिनीला टेकते. रेघेखाली त्रिकोण तयार होतो : पाया ४, उंची २०, क्षेत्रफळ ४०. हेच अंतर. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या विद्वानांनी सांगितलं होतं, की एकसारख्या बदलत्या वेगाने कापलेलं अंतर मधल्या क्षणीच्या वेगाने कापलेल्या अंतराइतकंच असतं; त्याच शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने ते आकृतीने दाखवलं. सहावी-सातवीतला त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा धडा ज्याला येतो, त्याला थांबण्याचं अंतर काढता येतं. समीकरणं पुढची पायरी आहेत. ती या त्रिकोणाचंच लघुलेखन आहेत.

आता सूत्रावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं ते पाहू. तेच उदाहरण, फक्त प्रश्न बदलला : ब्रेक लावल्यापासून ६ सेकंदांत मोटार किती अंतर जाईल? मुलं समीकरण काढतात. सुरुवातीचा वेग गुणिले काळ म्हणजे १२०. त्यातून अर्धं गुणिले मंदन गुणिले काळाचा वर्ग म्हणजे ९० वजा. उत्तर ३० मीटर. आकडेमोड निर्दोष आहे आणि उत्तर चूक आहे. चार सेकंदांत ४० मीटर जाऊन थांबलेली मोटार सहा सेकंदांत ३० मीटरवर कशी येईल? सूत्राच्या मते ती थांबली आणि मागे वळून दहा मीटर परत आली. ब्रेक गाडीला थांबवतो, मागे ढकलत नाही. चाक आणि रस्ता यांच्यातलं जे घर्षण गाडीला रोखत होतं, ते गाडी थांबताच संपलं. म्हणून चौथ्या सेकंदानंतर ते समीकरण लागूच होत नाही. उत्तर ४० मीटर.

तोच वेग ठेवून आता मोटारीऐवजी चेंडू घ्या. सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरा. चेंडू दोन सेकंदांत २० मीटर वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येऊ लागतो. तीन सेकंदांनंतर तो कुठे असेल असं विचारलं, तर सूत्र १५ मीटर सांगतं, आणि इथे ते अगदी खरं आहे. चेंडू थांबला तरी पृथ्वीची ओढ थांबलेली नाही. दोन्हीकडे समीकरण एकच, चिन्हं तीच. एकीकडे परत येणं खरं, दुसरीकडे खोटं. हा फरक समीकरणात कुठेही लिहिलेला नसतो. तो घटनेत असतो, आणि घटना डोळ्यांपुढे आणणाऱ्यालाच तो दिसतो. 'गाडी दिसतेय का?' हे मी विचारतो ते एवढ्यासाठी.

चिन्हांबद्दलही थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त गुण तिथे जातात. 'ऋण त्वरण म्हणजे मंदन' हे वाक्य मुलं पाठ करतात. गाडी ज्या दिशेने जाते तीच दिशा धन मानली असेल तोवर ते खरं आहे. पण खाली येणारी लिफ्ट मजला जवळ आल्यावर मंदावते तेव्हाचा विचार करा. वरची दिशा धन मानली तर लिफ्टचा वेग ऋण आहे आणि तिचं त्वरण वरच्या दिशेने, म्हणजे धन आहे. त्वरण धन, तरीही मंदन. पायांनाही ते कळतं. लिफ्ट थांबताना आपण क्षणभर जड होतो. तेव्हा लक्षात ठेवायचं ते असं : त्वरण वेगाच्या विरुद्ध दिशेला असेल तर मंदन. उणे चिन्ह हे आपण निवडलेल्या दिशेचं असतं, म्हणून उदाहरण सुरू करतानाच एक बाण काढून 'ही दिशा धन' असं लिहावं. तो बाण नसला की काय होतं ते वह्या तपासताना दिसतं. मंदन दिलं ५. विद्यार्थी ते उणे ५ लिहितो आणि समीकरणातही वजाबाकी करतो. उणे-उणे अधिक होतात आणि ब्रेक लावलेली मोटार चार सेकंदांत ताशी १४४ किलोमीटरवर पोचते. शेवटी उत्तराकडे एकदा पाहून 'असं होईल का?' असं विचारलं असतं, तर चूक तिथल्या तिथे सापडली असती. या पुस्तकात प्रत्येक उत्तरानंतर तो प्रश्न छापला आहे.

काही विद्यार्थी दुसरी शंका काढतात : "सर, मोटारीचं वजन दिलेलंच नाही." शंका चांगली आहे. मंदन आधीच दिलेलं असेल तर वस्तुमानाची गरज उरत नाही. ते मंदन निर्माण करायला किती बल लागलं असा प्रश्न असेल तेव्हा ते लागतं, आणि तिथून न्यूटनचा दुसरा नियम सुरू होतो. गती कशी झाली आणि गती का झाली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येणं ही या विषयातली मोठी समज आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक प्रामुख्याने लिहिलं, तिच्याकडे येतो. आपली मोटार ताशी ७२ ऐवजी ३६ किलोमीटरने चालली असती, म्हणजे सेकंदाला १० मीटर, तर ती दोन सेकंदांत आणि १० मीटरमध्येच थांबली असती. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्रिकोणाचा पायाही दुप्पट झाला आणि उंचीही दुप्पट झाली, म्हणून क्षेत्रफळ चौपट. हे आपल्या अंदाजाच्या विरुद्ध आहे. चालताना, धावताना आपल्या शरीराला जे वेग सवयीचे आहेत त्यांत थांबायला एक-दोन पावलं लागतात. त्या अनुभवावरून ताशी साठ-सत्तरच्या वेगाचा अंदाज बांधता येत नाही. तो गणितानेच कळतो.

शिवाय ब्रेकवर पाय जाण्याआधीही गाडी धावत असते. समोर काही दिसणं, ते समजणं आणि ब्रेक दाबणं यात एक सेकंद गेला असं धरू. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारी मोटार त्या सेकंदात १५ मीटर पुढे गेली. त्यानंतर त्याच मंदनाने थांबायला तिला साडेबावीस मीटर लागले. एकूण साडेसदतीस. आता तिच्याच जोडीने दुसरी मोटार ताशी ६५ किलोमीटरच्या जरा आत, सेकंदाला १८ मीटर वेगाने जाते आहे. दोघांना एकाच क्षणी समोर मूल दिसलं, दोघांनी सारख्याच वेळात सारखाच ब्रेक लावला. पहिली जिथे थांबली, त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? मुलं म्हणतात, सेकंदाला तीन मीटर, कारण फरक तेवढाच होता. सोडवून पाहा. एका सेकंदात तिने १८ मीटर घालवले, ब्रेकसाठी उरले साडेएकोणीस. अठराचा वर्ग ३२४; त्यातून दोन गुणिले ५ गुणिले १९.५ म्हणजे १९५ वजा, उरले १२९. त्याचं वर्गमूळ सुमारे ११.४. म्हणजे ताशी सुमारे ४१ किलोमीटर. पहिली मोटार त्या मुलाच्या पुढ्यात थांबली, दुसरी त्याच जागेवरून ताशी ४१ च्या वेगाने गेली. फरक होता ताशी जेमतेम ११ किलोमीटरचा. हे उदाहरण फळ्यावर सोडवल्यानंतर मी पुढे काही बोलत नाही. दोन-तीन वर्षांत या मुलांच्या हातात गाडीची किल्ली येणार असते. वर्गमूळ काढून आलेला तो ४१ चा आकडा त्यांच्याजवळ राहावा, एवढीच माझी इच्छा असते.

हे मैदानावरही करून पाहता येतं. आम्ही शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा दहा मीटर अंतरावर मारतो. सायकलस्वाराने दोन्ही रेघांमधलं अंतर एकसारख्या वेगाने कापायचं, दुसऱ्या रेघेवर ब्रेक दाबायचा. एकाने स्टॉपवॉच धरायचं, दोघांनी टेप. आधी हळू, मग दुप्पट वेगाने. अंतर बरोबर चौपट कधी येत नाही. ब्रेक सारखा दाबला जात नाही, माती सगळीकडे सारखी नसते. पण ते दुपटीच्या खूप पुढे जातं, आणि वर्गात न पटलेली गोष्ट टेप धरलेल्या मुलांना पटते. एकदा टेप गुंडाळता गुंडाळता एका मुलीने विचारलं, "सर, मैदान ओलं असतं तर?" आम्ही तिथेच बसून काढलं : मंदन निम्मं झालं तर थांबायचं अंतर दुप्पट. पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो तेव्हा पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायला का सांगतात, ते त्या दिवशी कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

पुस्तकातल्या उदाहरणांसाठी मी शक्य तिथे खऱ्या घटना घेतल्या आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीने ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापलं. सरासरी काढली तर सेकंदाला जवळजवळ बरोबर १० मीटर येते. निघताना वेग शून्य, पोचताना शून्य. म्हणजे वाटेत कुठेतरी ती याहून वेगाने धावली असलीच पाहिजे. सरासरी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पहिल्या प्रकरणात या गाडीच्या आधाराने समजावलं आहे.

दुसऱ्या प्रकरणात बोरघाट आहे. घाटातल्या रेल्वेमार्गाचा तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे, म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. उतरताना तोच चढ उतार होतो. ब्रेक अजिबात नसले आणि घर्षण सोडून दिलं, तर त्या उतारावर गुरुत्वत्वरणाचा सदतिसावा भाग, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ०.२६ मीटर प्रति सेकंद एवढाच वेग वाढेल. आकडा नगण्य वाटतो. पण एका मिनिटात वेग ताशी ५७ किलोमीटरवर जातो, आणि मिनिट पुढेही सरत राहतं. अशा सुटलेल्या गाडीसाठी घाटात चढावर जाणारे आडमार्ग ठेवलेले असतात, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. उतारावर ज्या ओढीने वेग वाढला, चढावर तीच ओढ मंदन होते. गॅलिलिओची तुळई आणि बोरघाट यांत मापाचाच काय तो फरक.

शेवटच्या प्रकरणात मंदनाचं आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते शाळाशाळांतून मुलांनी पाहिलं. उतरणं सुरू झालं तेव्हा यान सुमारे ३० किलोमीटर उंचीवर होतं आणि त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १६८० मीटर होता. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नाही. टायर घासायला रस्ता नाही. इंजिनं जाण्याच्या दिशेला पेटवणं हा एकच ब्रेक. पहिल्या टप्प्याच्या आखणीत ६९० सेकंदांत आडवा वेग ३५८ पर्यंत आणायचा होता. वजाबाकी करून भागाकार केला, तर दर सेकंदाला सरासरी १.९ मीटर प्रति सेकंद एवढं मंदन मिळतं. आपल्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी, पण साडेअकरा मिनिटं सतत. आता नववीतल्या मुलाने करावं तसं अंतर काढू. दोन वेगांची सरासरी १०१९, गुणिले ६९०, म्हणजे सुमारे ७०३ किलोमीटर. आखलेल्या मार्गात या टप्प्याचं अंतर सुमारे ७१३ किलोमीटर होतं. इंधन जळत जातं तसं यान हलकं होतं, मंदन एकसारखं राहत नाही, म्हणून उत्तर तंतोतंत जुळणार नाही. पण चौदाव्या शतकातला नियम आणि एक गुणाकार एवढ्या बळावर आपण चंद्राभोवतीच्या सातशे किलोमीटरमध्ये फक्त दहा किलोमीटरने चुकतो. वर्गात हे उत्तर येतं त्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीतही त्याबद्दल बोलत असतात.

त्याआधी ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चं लँडर उतरताना पृष्ठभागावर आदळलं होतं. संसदेत सरकारने त्याबद्दल सांगितलं ते असं, की पहिल्या टप्प्यात वेग ठरल्याप्रमाणे १६८३ वरून १४६ मीटर प्रति सेकंदावर आला, दुसऱ्या टप्प्यात मात्र तो आखलेल्यापेक्षा जास्त कमी झाला. ब्रेक कमी लागणं घातक, हे आपल्याला कळतं. जास्त लागणंही घातक असू शकतं, हे तिथे कळलं. पुढच्या चार वर्षांत आपल्या वैज्ञानिकांनी ते उदाहरण पुन्हा सोडवलं.

शिक्षकांना एक विनंती. तिन्ही समीकरणं चौकटीत लिहून धडा सुरू करू नये. आधी घटना सांगावी, मग बाण, मग आलेख, मग शब्दांतले लपलेले आकडे, आणि समीकरण अगदी शेवटी. पहिले आठ दिवस यात वेळ जास्त जातो. पुढच्या वर्षी प्रकाश आणि विद्युतधारा शिकवताना तो वेळ परत मिळतो. पालकांना विनंती अशी, की मुलाचं उत्तर चुकलं तर त्याला उत्तर विचारू नका, 'काय घडतंय ते मला सांग' म्हणा. सांगता सांगता बहुतेकदा त्याला स्वतःलाच चूक सापडते, आणि त्यासाठी पालकांना भौतिकशास्त्र यावं लागत नाही.

हे पुस्तक ज्यांच्या वह्यांमधून तयार झालं त्या माझ्या विद्यार्थ्यांचा मी ऋणी आहे. त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी चुका केल्या नसत्या, तर कुठे काय समजावून सांगायचं हे मला कळलं नसतं. पुस्तकाच्या मागे उत्तरं दिली आहेत आणि प्रत्येक उत्तराखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. त्या ओळीवर तुम्ही तुमचा प्रश्न लिहायचा. उदाहरणातली एक गोष्ट बदलायची आणि विचारायचं : चढ असता तर? ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला असता तर? मैदान ओलं असतं तर? तो प्रश्न तुमच्या हातून लिहिला गेला, की गाडी तुम्हाला दिसू लागली आहे असं समजा, आणि पुढचं पान उलटा.